जुनी पेटी, कपाट किंवा फडताळ विकत घेताय? खरं 'अँटिक' आणि 'अँटिकसारखं' यातला फरक असा ओळखा

पितळी पट्ट्या मारलेली लाकडी पेटी, तिच्यावर समई आणि शेजारी मनीप्लांट. घरसजावटीचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना ही चौकट आता पाठ झाली आहे. व्हिडिओखाली प्रश्नही ठरलेला असतो: "कुठे मिळाली? कितीला?"

याच वेळी दुसरीकडे उलटं चित्र दिसतं. पुण्यातला एखादा वाडा किंवा मुंबईतली चाळ पुनर्विकासाला जाते, नव्या फ्लॅटमध्ये जागा नसते आणि आजीचं सागवानी कपाट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. म्हणजे एक कुटुंब नव्या वस्तूला जुनी समजून जास्त पैसे मोजतं आणि दुसरं कुटुंब खरी जुनी वस्तू कवडीमोलाने देऊन टाकतं. दोघांच्या नुकसानाचं कारण एकच आहे. समोरची वस्तू नेमकी काय आहे, हे ओळखता येत नाही.

जुनं साठवणीचं फर्निचर, म्हणजे पेट्या, ट्रंका, कपाटं, फडताळं आणि खणांची टेबलं निवडताना काय पाहायचं, कायदा काय सांगतो आणि कोणत्या वस्तूपासून लांब राहायचं, हे समजून घेऊया.

व्हिंटेज, अँटिक आणि रिप्रॉडक्शन: फरक काय?

जगभरातल्या व्यापारात साधारण १०० वर्षांहून जुन्या वस्तूला 'अँटिक' म्हणतात. या आकड्याचं मूळ बरंचसं कस्टमच्या नियमांत सापडतं. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्याने १८३० पूर्वीच्या कलावस्तूंना आयात शुल्कातून सूट दिली होती. भारतातही १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात १०० वर्षांचाच निकष आहे.

'व्हिंटेज' शब्दाला मात्र अशी कायदेशीर व्याख्या नाही. काही दशकं जुनी, पण शंभरी न गाठलेली वस्तू असा त्याचा ढोबळ अर्थ. तुमच्या आजोबांच्या लग्नातलं लोखंडी कपाट व्हिंटेज आहे, अँटिक नाही.

तिसरा प्रकार रिप्रॉडक्शनचा, म्हणजे जुन्या घडणीची नवी वस्तू. राजस्थानातल्या जोधपूरसारख्या ठिकाणी हा मोठा आणि कायदेशीर उद्योग आहे. आंबा किंवा शीशमच्या लाकडाला मुद्दाम ओरखडे पाडून, रंगाचे थर घासून जुनं रूप दिलं जातं. अशी वस्तू घेण्यात काहीच चूक नाही. नवी म्हणून, नव्याच्या भावात ती मिळाली पाहिजे, एवढंच.

आपल्या घरांमध्ये साठवणीसाठी काय काय असायचं?

बाजारात जाण्याआधी वस्तूंची नावं आणि त्यांचा मूळ उपयोग माहीत असला, तर निवड सोपी होते.

फडताळ: वाड्याच्या जाड भिंतीत लाकडी चौकट आणि दारं बसवून केलेलं कपाट. वाडा पाडताना फक्त चौकट आणि दारं हाती लागतात. आज 'जुनं फडताळ' म्हणून मिळणाऱ्या अनेक वस्तूंत दारं खरी जुनी असतात आणि मागचा सांगाडा नव्याने बनवलेला असतो. हे वाईट नाही, पण किंमत ठरवताना लक्षात ठेवायला हवं.

पेटी आणि पेटारा: कपडे, भांडी, दागिने आणि कागदपत्रं ठेवण्यासाठी. सौराष्ट्रातला 'पटारा' हा याचा थोरला भाऊ. तो लग्नात मुलीबरोबर दिला जाई. त्याला खाली लाकडी चाकं असतात आणि वर धातूचे पत्रे ठोकलेले असतात. मुंबई-पुण्याच्या बाजारात दिसणाऱ्या मोठ्या, चाकांच्या पेट्या बऱ्याचदा याच प्रकारच्या असतात.

जाळीचं कपाट: दूध, दही आणि उरलेलं अन्न ठेवण्यासाठी. फ्रिज येण्याआधी प्रत्येक स्वयंपाकघराची ही गरज होती. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. त्यामुळे या कपाटाचे पाय खालून कुजलेले असण्याची शक्यता सर्वाधिक.

शिसवी कपाटं: एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्याभोर शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेलं फर्निचर बनत असे. इंग्रज आणि पारशी घरांत त्याला मोठी मागणी होती. आजही त्याची ओळख 'बॉम्बे ब्लॅकवुड' अशीच आहे. गोव्यात पोर्तुगीज वळणाचं शिसवी फर्निचर घडलं.

आर्ट डेको कपाटं: १९३० नंतर मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या, तसं घरातलं फर्निचरही बदललं. गोलाई दिलेले कोपरे, कमी कोरीवकाम, मध्ये लांब आरसा. लहान फ्लॅटसाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा ठरतो.

लोखंडी कपाट: गोदरेजने १९२३ मध्ये स्टीलची कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढे 'गोदरेजचं कपाट' हे दुसऱ्या कंपनीच्या कपाटाचंही नाव होऊन बसलं. लाकडाला वाळवीची भीती, याला नाही. जुन्या कपाटाचा पत्रा जाड असतो आणि रंग देऊन ते अनेक वर्षं वापरता येतं.

लाकूड कोणतं, हे कसं कळणार?

विक्रेत्याच्या तोंडी दोन शब्द हमखास असतात: 'बर्मा टीक' आणि 'रोजवुड'. दोन्ही तपासून घ्यावेत.

ब्रह्मदेशातलं सागवान मुंबईत मोठ्या प्रमाणात येत होतं, हे खरं आहे. त्या व्यापाराशी नाव जोडलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये स्थापन झाली. पण महाराष्ट्रातही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत उत्तम साग होतो. तयार कपाट नुसतं पाहून साग ब्रह्मदेशातला की इथला, हे सांगणं अवघड आहे. त्यामुळे केवळ 'बर्मा' शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. लाकूड साग आहे का, एवढं पाहा. सागाचा रंग सोनेरी तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा हलका वास येतो. हे पाहायला पॉलिश नसलेली जागा शोधा, म्हणजे खणाचा तळ किंवा कपाटाची पाठ.

'रोजवुड'मध्ये गोंधळ जास्त आहे. सह्याद्रीत आणि दक्षिणेत होणारा शिसव आणि उत्तरेतलं शीशम ही एकाच कुळातली, पण वेगळी झाडं. शिसवाचं लाकूड गडद, जांभळट काळसर असतं, तर शीशम तपकिरी आणि पट्टेदार. शिसवाची किंमत बरीच जास्त असते. म्हणूनच गडद पॉलिश केलेलं शीशम किंवा दुसरंच एखादं लाकूड शिसवाच्या नावाने विकलं जातं. आतल्या भागाचा रंग बाहेरच्यापेक्षा खूपच फिका असेल, तर काळेपणा पॉलिशचा आहे असं समजा.

वय कसं ओळखायचं? समोरून नाही, मागून पाहा

जुनं फर्निचर तपासताना दर्शनी बाजू सर्वांत शेवटी पाहावी. तिच्यावर पॉलिश होतं, नव्या कड्या बसतात. खरी माहिती पाठीला, तळाला आणि खणांच्या आत मिळते. सोबत मोबाइलची टॉर्च आणि मोजपट्टी ठेवा.

स्क्रू: अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. 'दीडशे वर्षं जुन्या' कपाटाच्या सगळ्याच बिजागऱ्यांना असे स्क्रू असतील, तर एकतर बिजागऱ्या बदलल्या आहेत किंवा गोष्ट रचलेली आहे. बिजागरी बदलली असेल, तर जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं जवळपास दिसायला हवीत.

प्लायवूड आणि सनमायका: पाठीला किंवा खणाच्या तळाला प्लायवूड दिसलं, तर वस्तू नवी आहे किंवा तो भाग नंतर बदलला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या घरगुती सुतारकामात फळ्याच वापरत.

आकसलेलं लाकूड: लाकूड काळानुसार रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत फारसं नाही. म्हणून जुन्या दाराच्या चौकटीतली फळी थोडी अरुंद होते आणि तिच्या कडेला पॉलिश न लागलेली बारीक पट्टी उघडी पडते. ही खूण नकली करणं कठीण आहे.

झीज कुठे आहे? खरी झीज हात लागतो तिथेच होते: खणाच्या मुठीभोवती, पेटीच्या झाकणाच्या पुढच्या कडेला, खण सरकतो त्या पट्टीवर, पायांच्या तळाशी. सगळीकडे सारखेच ओरखडे असतील, हात न पोहोचणाऱ्या जागीही लाकूड घासलेलं असेल, तर ते काम पॉलिश पेपरचं आहे.

पितळ: जुन्या कडीमागच्या लाकडावर तिच्या आकाराचा गडद डाग उमटलेला असतो. पितळ हिरवट झालंय, पण मागचं लाकूड स्वच्छ आहे, तर पितळाला रसायन लावून 'जुनं' केलेलं असू शकतं.

वरचा आणि खालचा भाग: दोन मजली कपाटात वरच्या आणि खालच्या भागाचं लाकूड, पाठीच्या फळ्यांची जाडी आणि सांध्यांची पद्धत जुळते का, ते पाहा. दोन वेगळ्या मोडक्या वस्तू जोडून एक 'अखंड' कपाट बनवण्याची पद्धत जुनीच आहे.

एक सावधगिरी. परदेशी व्हिडिओंत 'हाताने कापलेला सांधा म्हणजे जुनी वस्तू' असं सांगतात. भारतात हा नियम लागू पडत नाही. आपल्याकडे सुतार आजही करवत आणि पटाशीने उत्तम सांधे करतात. हातकाम ही चांगल्या कामाची खूण आहे, वयाची नाही.

कीड, ओल आणि गंज: कोणतं चालेल, कोणतं नाही?

लाकडात बारीक गोल भोकं असली, तर ती भिरुडाची. भोकं असणं म्हणजे कीड आजही जिवंत आहे असं नाही. वस्तू हलवा, भोकांवर बोटाने टिचकी मारा. पिठासारखा ताजा, फिका भुसा पडला, तर आत कीड आहे. वाळवी मातीचे बोगदे करते आणि लाकूड आतून पोकळ करते. ठोकल्यावर भदभद आवाज आला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं, तर ती वस्तू सोडून द्या. ती एकटी येणार नाही, घरातल्या दारं-खिडक्यांपर्यंत कीड आणेल.

कीड संपलेली आणि लाकूड घट्ट असेल, तर घ्यायला हरकत नाही. तरी घरात आणण्याआधी उपचार करून घ्या आणि काही आठवडे बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नका. ओल लाकडात मुरली असेल, तर कपड्यांना बुरशी लागते. दारं आणि खण उघडे ठेवून काही दिवस हवेशीर सावलीत ठेवल्यावरही वास गेला नाही, तर तो सहसा जात नाही.

लोखंडी कपाटात तळ आणि पायांजवळचा पत्रा तपासा. वर्षानुवर्षं फरशी पुसताना पाणी तिथेच लागतं. वरवरचा तांबेरा घासून निघतो, पण पत्र्याला भोकं पडली असतील तर नवा पत्रा जोडावा लागतो. किल्ल्या आहेत का, तिजोरीचा कप्पा उघडतो का, हे पैसे देण्याआधी पाहा.

आपल्या घरात मावेल का?

चूक सर्वाधिक इथेच होते. कपाट खोलीत मावतं, पण लिफ्टमध्ये, जिन्याच्या वळणावर किंवा दारात अडकतं. या तिन्हींची रुंदी आणि उंची मोजूनच बाजारात जा. अनेक जुन्या कपाटांचे भाग सुटे होतात. ते कसे सुटतात, हे विक्रेत्याकडूनच करून दाखवून घ्या.

आतली खोलीही मोजा. हँगरवर शर्ट आडवा लावायचा, तर सुमारे २२ ते २४ इंच खोली लागते. घडीचे कपडे ठेवण्यासाठी बनलेली जुनी कपाटं बऱ्याचदा इतकी खोल नसतात. अशा कपाटात दांडी बसवण्यासाठी फळ्या तोडण्यापेक्षा त्यात चादरी, पुस्तकं किंवा भांडी ठेवावीत.

पेटी दिसायला सुंदर, पण वापरायला कटकटीची. ती वरून उघडते, म्हणजे तिच्यावर ठेवलेलं सगळं दरवेळी खाली उतरवावं लागतं. रोज न लागणाऱ्या वस्तूंसाठी ती योग्य: रजया, सणाची भांडी, जुने फोटो. पैठणी किंवा इतर रेशमी साड्या ठेवायच्या असतील, तर त्या मऊ सुती कापडात गुंडाळा. रेशीम थेट लाकडाला किंवा पत्र्याला लागू देऊ नका. तळाला वर्तमानपत्र घातलं, तर शाईचा डाग पडू शकतो.

घरात लहान मूल असेल तर

जुन्या साठवणीच्या वस्तूंमध्ये तीन धोके असतात आणि कोणताच विक्रेता ते आपणहून सांगत नाही.

पहिला, आपोआप बंद होणारं कुलूप. झाकण पडलं की खटका बसणाऱ्या पेटीत खेळताना मूल अडकू शकतं. अमेरिकेत लेन कंपनीच्या पेट्यांमध्ये मुलं गुदमरून दगावली होती. त्यानंतर १९९६ मध्ये कंपनीने सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपं बदलून देण्याची मोहीम सुरू केली. तुमच्या पेटीला असा खटका असेल, तर तो काढूनच टाका. जड झाकण अचानक पडू नये म्हणून आधार देणारी दांडीही बसवून घ्या.

दुसरा, उलटणं. उंच कपाटाचे खण एकाच वेळी उघडले किंवा मूल त्यावर चढलं, तर ते पुढे झुकतं. लोखंडी कोनाने कपाट भिंतीला पक्कं करा. त्यासाठी पाठीला पाडलेली दोन भोकं परवडतात.

तिसरा, जुना रंग. पूर्वीच्या तेलरंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाले. त्याआधीचा सुटत चाललेला रंग घरात कोरडा घासू नका. ती धूळ मुलांच्या पोटात जाणं घातक आहे. जाळीच्या कपाटातही धान्य किंवा खाद्यपदार्थ उघडे ठेवू नका. त्यावर पूर्वी कोणती कीटकनाशकं मारली, हे कुणालाच ठाऊक नसतं.

दुरुस्ती किती करावी?

नियम सोपा आहे. वस्तू वापरता येईल एवढीच दुरुस्ती करा, ती नवी दिसेल एवढी नको.

जुन्या लाकडावर वर्षानुवर्षांच्या हाताळणीने जी झाक येते, ती मशीनने घासली की कायमची जाते आणि तिच्याबरोबर किंमतही उतरते. आधी मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसून पाहा. बऱ्याच वेळा फक्त धूळ आणि धुराचा थर असतो.

पॉलिश करायचंच असेल, तर मूळ थर कोणता आहे ते पाहा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा हलकेच लावा. तिथला थर चिकट झाला, तर ते लाखेचं पॉलिश आहे. हे पॉलिश पुन्हा करता येतं, पण त्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो.

आणखी एक, खास आपल्या हवेसाठी. पावसाळ्यात खण अडकू लागले, तर लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगलेलं असतं. हिवाळ्यात ते पुन्हा आकसतं आणि तासलेला खण सैल पडतो. तोवर सरकपट्टीवर मेणबत्ती घासा, खण सुरळीत चालतो.

कुठे शोधायचं, सौदा कसा करायचा?

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार ही नेहमीची ठिकाणं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. तिथे कड्या, कुलपं, बिजागऱ्या असे सुटे भागही मिळतात. खरेदीआधी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून या. जुन्या दारांचं, पेट्यांचं काम जवळून पाहिलं की नजर तयार होते.

ऑनलाइन घेताना पाठ, तळ, खणांची आतली बाजू आणि बिजागऱ्या यांचे दिवसाच्या उजेडातले फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजा. वस्तू न पाहता आगाऊ रक्कम देऊ नका. आणि तुम्ही विकत असाल, तर लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा पिन टाकावा लागत नाही.

बिलावर 'जुनं कपाट' एवढंच नको. लाकूड, अंदाजे काळ आणि बदललेले भाग लिहून घ्या. तोंडी 'शंभर वर्षं' सांगणारा विक्रेता ते लिहून द्यायला तयार आहे का, यावरून बरंच कळतं.

कायदा काय सांगतो?

* १०० वर्षांहून जुनी, कला किंवा कारागिरीची साक्ष देणारी वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो.
* पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबाला आजीची पेटी न्यायची असेल आणि ती जुनी दिसत असेल, तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.
* शिसव आणि शीशम हे दोन्ही २०१७ पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. या लाकडाचं जड फर्निचर परदेशात नेण्याआधी परवानगीची चौकशी करा.
* हस्तिदंताची नक्षी असलेली पेटी कितीही जुनी असली, तरी तिच्यापासून लांब राहा. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

आणि घरातलंच जुनं कपाट काढून टाकायचं असेल तर?

घर रिकामं करताना घाई असते आणि भंगारवाला दारात उभा असतो. तरी एक दिवस थांबा. खण पूर्ण बाहेर काढून त्यामागे हात घाला. जुन्या पेट्यांना आणि कपाटांना चोरकप्पे असत आणि त्यांत कागद, पावत्या, कधी दागिनेही राहून जातात. खणाच्या तळाला घातलेलं वर्तमानपत्र फेकू नका, त्याची तारीख वस्तूच्या वयाचा अंदाज देते. सुताराच्या दुकानाचा शिक्का किंवा पट्टी दिसली, तर तिचा फोटो काढा. मग किमान दोन जाणकारांना वस्तू दाखवा.

घरातल्या थोरल्यांनाही विचारा. हे कपाट कुणी, कधी, कुठून आणलं, हे सांगणारं माणूस आज समोर असेल. ते उत्तर कागदावर लिहा आणि कपाटाच्या पाठीला चिकटवून ठेवा. बाजारात अशा माहितीला किंमत आहेच. पण कपाट विकायचं नाही असं ठरलं, तरी पुढच्या पिढीला ते नुसतं 'जुनं कपाट' वाटू नये, यासाठी तो एक कागद पुरेसा आहे.